लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीसाठी स्कोपची निवड

रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीला सगळीकडे स्कोप म्हणतात. तिची कामे दोन. लांबचे जनावर जवळ आणून दाखवणे हे एक, आणि गोळी नेमकी कुठे लागेल तो बिंदू डोळ्यापुढे धरणे हे दुसरे. शंभर-दीडशे मीटरच्या आतल्या शिकारीत पहिले काम नीट झाले की बहुतेक भागते. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, वायोमिंगच्या उघड्या माळावर किंवा न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये जनावर चारशे-पाचशे मीटरवर उभे असते. तिथे स्कोप आधी मोजमापाचे साधन असते आणि मग दुर्बीण. गिऱ्हाईक मात्र उलट्या क्रमाने पाहते. किती पटींनी मोठे दिसते हा पहिला प्रश्न, काच कुठली हा दुसरा, आणि टरेट, म्हणजे नेम सरकवणारी घुंडी, फिरवल्यावर आकडा खरा उतरतो का हा शेवटचा, तोही विचारला तर.

या साधनाची सुरुवातच मोजणीच्या वर्तुळात झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी मॉर्गन जेम्स नावाचा बंदूक-कारागीर होता. १८४०च्या दशकात त्याने बनवलेल्या दुर्बिणीचे वर्णन जॉन आर. चॅपमन याने ‘द इम्प्रूव्हड अमेरिकन रायफल’ या पुस्तकात केले आहे, आणि चॅपमन पेशाने स्थापत्य अभियंता होता. १८५५ साली सिराक्यूजचा चष्मेवाला विल्यम माल्कम याने रंगदोष काढलेली भिंगे वापरून स्कोप बनवायला घेतले. त्या काळच्या दुर्बिणी बंदुकीच्या नळीच्या लांबीएवढ्या आणि बोटाएवढ्या जाड असत. नेम वर-खाली करायचा तर आतले काही हलत नसे. अख्खी दुर्बीण मागच्या आधारावर स्क्रूने उचलावी लागे.

आजच्या स्कोपात ही हालचाल आत गेली आहे. पुढचे मोठे भिंग समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा तयार करते. मधल्या नळीतली भिंगे ती सुलटी करतात आणि मागच्या भिंगातून डोळा ती मोठी करून पाहतो. ही मधली नळी बाहेरच्या नळीच्या आत एका टोकाला सांध्यावर टेकलेली असते. दुसऱ्या टोकाला एका बाजूने टरेटचा स्क्रू तिला दाबतो आणि समोरून स्प्रिंग रेटते. वरचे टरेट फिरवले की नळी किंचित कलते आणि नेमाचा बिंदू वर-खाली सरकतो. बाजूच्या टरेटने तो डावी-उजवीकडे जातो. टरेटच्या एका टप्प्याला, म्हणजे एका क्लिकला, होणारी हालचाल मिलिमीटरच्या शतांशात मोजण्याइतकी असते, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. रायफलीच्या प्रत्येक धक्क्यानंतर त्या स्प्रिंगने नळी पुन्हा त्याच जागी आणून ठेवली पाहिजे. महागड्या स्कोपची बरीचशी किंमत या न दिसणाऱ्या भागाची असते.

हे एवढे काटेकोर का लागते, ते गोळीच्या मार्गावरून कळते. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये आणलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस आज या शिकारीत फार चालते. त्याची १४३ ग्रेनची, म्हणजे सव्वानऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. रायफल १०० मीटरला झिरो केलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच ठिकाणी पडत असतील, तर ३०० मीटरवर गोळी सुमारे ४० सेंटीमीटर खाली लागते आणि ५०० मीटरवर दीड मीटरहून अधिक खाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा उतार पुढे पुढे तीव्र होत जातो. पाचशेच्या आसपास अंतराचा अंदाज पंचवीस मीटरने चुकला तर गोळी सुमारे १४ सेंटीमीटर वर किंवा खाली जाते. म्यूल हरणाच्या छातीतला हृदय आणि फुप्फुसांचा भाग जेमतेम २० ते २५ सेंटीमीटर व्यासाचा असतो. मधोमध धरलेला नेम तेवढ्या चुकीने त्या वर्तुळाबाहेर पडतो, आणि जखमी जनावर डोंगरापलीकडे निघून जाते.

ऑलिंपिकमधल्या रायफल नेमबाजीत हा प्रश्नच उद्भवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात स्कोप वापरता येत नाही; बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो. तिथे अंतर कायमचे ठरलेले असते, त्यामुळे अंतरासाठी साइट बदलावी लागत नाही आणि कस लागतो तो शरीराच्या स्थैर्याचा. डोंगरातल्या शिकाऱ्यापुढे अंतर दर वेळी नवे असते. ते लेसर रेंजफाइंडरने मोजायचे आणि त्या आकड्याचे नेमाच्या कोनात रूपांतर करायचे, यातला दुसरा भाग स्कोपने पार पाडायचा असतो. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्याने हा सगळा विषय इथल्या वाचकाला पुस्तकीच आहे. गंमत म्हणजे न्यूझीलंडमध्ये ज्याच्यासाठी हे लांब पल्ल्याचे स्कोप घेतले जातात, तो थार नावाचा रानबोकड मूळचा हिमालयातला. १९०४ मध्ये तो तिथे सोडला गेला, नैसर्गिक शत्रू नसल्याने फोफावला, आणि आता त्याची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकारीला उत्तेजन दिले जाते.)

कोन मोजण्याच्या दोन पद्धती बाजारात आहेत आणि त्यांवरून वादही पुष्कळ होतात. मिनिट ऑफ अँगल, बोलण्यात एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटीमीटर भरतो. १०० यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त, १.०४७ इंच. या टरेटवर सहसा पाव एमओएचा क्लिक असतो. दुसरे माप मिलरेडियन, म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटीमीटर आणि ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे बरोबर एक सेंटीमीटर. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोपे, यार्ड-इंचात वाढलेल्या अमेरिकी शिकाऱ्याला एमओए सवयीचे. दोन्ही कोनच असल्याने अचूकतेत खरा फरक नाही. पाव एमओएचा क्लिक किंचित बारीक असतो, पण शिकारीत त्याचा काही उपयोग होत नाही, कारण पाचशे मीटरवर दोन्हींतला फरक दीड सेंटीमीटरचाही नसतो. सांभाळायची गोष्ट एकच: टरेट आणि रेटिकल, म्हणजे आत दिसणारी फुली आणि तिच्यावरच्या खुणा, एकाच मापातले असावेत. मिलच्या खुणा आणि एमओएचे टरेट असे स्कोप एके काळी सर्रास विकले जात. त्यात फुलीवर पाहिलेली चूक टरेटवर उतरवण्यासाठी ३.४४ने गुणायला लागे, तेही थंडीने गारठलेल्या बोटांनी आणि धडधडत्या छातीने.

रेटिकल आत कुठे बसवले आहे यावरून स्कोपचे दोन वर्ग पडतात आणि निवडीतला सगळ्यात अवघड निर्णय इथे येतो. स्कोपच्या आत प्रतिमा दोन ठिकाणी तयार होते, मधल्या भिंगांच्या पुढे आणि मागे. फुली पुढच्या जागी असेल तर त्याला फर्स्ट फोकल प्लेन म्हणतात. मोठेपणा वाढवला की दृश्याबरोबर फुलीही मोठी होते, आणि तिच्यावरचा एक मिल कोणत्याही मोठेपणाला एक मिलच राहतो. मागच्या जागी, म्हणजे सेकंड फोकल प्लेनला, फुली नेहमी सारख्याच आकाराची दिसते आणि तिच्यावरच्या खुणा एकाच ठरावीक मोठेपणाला, बहुधा सर्वांत जास्त मोठेपणाला, खऱ्या असतात. १५ पटींच्या अशा स्कोपात मोठेपणा बदलणाऱ्या कड्याची खूण साडेसातवर असेल तर फुलीवरचा एक मिल प्रत्यक्षात दोन मिलचा होतो. संध्याकाळी उजेड कमी म्हणून शिकाऱ्याने मोठेपणा उतरवला, ते विसरला आणि पाचशे मीटरवरच्या जनावरासाठी तीन मिलच्या खुणेवर नेम धरला, तर गोळी अंदाजे दीड मीटर वरून निघून जाते.

मग सगळ्यांनी पहिलाच प्रकार का घेऊ नये? कारण झाडीत, तीन-चार पटींना, त्यातली फुली कोळ्याच्या जाळ्यातल्या धाग्यासारखी बारीक होते. रॉकी पर्वतातला एल्क सकाळी माळावर पाचशे मीटरवर दिसतो आणि दुपारी सूचिपर्णी झाडांच्या रानात तीस पावलांवर अचानक उभा राहतो. त्या क्षणी काळ्या सालीवर फुली दिसली नाही तर मिलची अचूकता काय कामाची? मधल्या बिंदूला दिवा असलेले नवे स्कोप या अडचणीवर बऱ्यापैकी उतारा ठरले आहेत. उंचीसाठी टरेट फिरवणारा आणि वाऱ्यासाठी थोडेच सरकून नेम धरणारा शिकारी असेल, तर सेकंड फोकल प्लेनचा साधा, ठळक फुलीचा स्कोप आजही शहाणपणाची निवड आहे. स्पर्धेतल्या नेमबाजांचे पाहून पहिला प्रकार घेणाऱ्यांपैकी कित्येकांना त्याची गरज नसते. टरेटला हात न लावता केवळ फुलीवरच्या खुणांवर नेम धरण्याची सवय असणाऱ्याने मात्र फर्स्ट फोकल प्लेनच घ्यावा.

खुणांची दाटी हा वेगळाच मोह आहे. नाताळच्या झाडासारखी खाली रुंदावत जाणारी, शंभरेक ठिपक्यांची रेटिकल लष्करी आणि स्पर्धेच्या वापरातून शिकारीत आली. त्यांत जनावराचे शिंग आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. आडव्या रेषेवर वाऱ्यासाठी अर्ध्या मिलच्या खुणा, उभ्या रेषेवर थोड्या खुणा आणि मध्ये स्वच्छ बिंदू एवढे शिकारीला पुरते.

वाऱ्याचा उल्लेख आला तो सहज नाही. उंचीचा हिशेब गणित आहे, अंतर कळले की सुटतो. वाऱ्याचा अंदाज माणसालाच करावा लागतो. सेकंदाला साडेचार मीटर वेगाचा, म्हणजे झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलवणारा आडवा वारा वर दिलेल्या गोळीला ५०० मीटरवर सुमारे अर्धा मीटर बाजूला नेतो. तो दरीत एका दिशेने आणि कड्यावर दुसऱ्या दिशेने वाहू शकतो. म्हणून वाऱ्यासाठी बाजूचे टरेट सहसा फिरवत नाहीत, फुलीवरच नेम सरकवतात, आणि त्या टरेटवर टोपण असलेले बरे. ते उघडे असेल तर पिशवीला घासून दोन-तीन क्लिक फिरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वरच्या टरेटला मात्र सतत हात लागणार असतो. त्याचे क्लिक हातमोज्यातूनही जाणवावेत, आकडे मान न उचलता वाचता यावेत आणि ते अडवून ठेवण्याची कळ असावी. झिरो स्टॉप ही सोय या कामासाठी जवळपास अनिवार्य धरायला हवी. टरेट कितीही वर फिरवले तरी परत खाली आणताना ते झिरोवर येऊन थांबते. ही सोय नसेल तर माणूस एक पूर्ण फेरा चुकतो, कारण एका फेऱ्यानंतर आकडे पुन्हा तेच येतात. काही कंपन्या गिऱ्हाइकाच्या काडतुसाप्रमाणे टरेटवर थेट अंतराचे आकडे कोरून देतात. लेऊपोल्डची सीडीएस पद्धत त्यातली सगळ्यांत परिचित. ३८० मीटर मोजले की ३८०वर फिरवायचे. सोय मोठी आहे, पण ती कोरताना एक उंची आणि एक तापमान गृहीत धरलेले असते. समुद्रसपाटीपेक्षा तीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता जवळपास पाव हिश्श्याने कमी असते, गोळीला अडथळा कमी होतो आणि ती कमी पडते. टेक्सासच्या मैदानासाठी कोरलेले टरेट कोलोरॅडोच्या डोंगरात पाचशे मीटरवर गोळी वर नेईल. शिवाय तीव्र उतारावर नेम धरताना गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतरावर करायचा असतो. ३० अंशांच्या उतारावर मोजलेले ४०० मीटर हे गोळीच्या पडण्यापुरते सुमारे ३४६ मीटरच असतात. आजचे बहुतेक रेंजफाइंडर हे अंतर स्वतःच काढून देतात.

आता मोठेपणाकडे वळता येते. १० पटींच्या स्कोपातून ५०० मीटरवरचे जनावर नुसत्या डोळ्याने ५० मीटरवरून पाहावे तसे दिसते. छातीचा विशिष्ट भाग निवडायला ते पुरेसे आहे. अमेरिकी लष्कराने १९८८ मध्ये घेतलेल्या एम-२४ स्नायपर रायफलीवर १० पटींचा, न बदलणारा स्कोप होता, आणि तिचा पल्ला ८०० मीटर मानला जाई. म्हणून शिकारीला १२ ते १५ पटींच्या वर जाण्याचे कारण क्वचितच पडते. मोठेपणा वाढला की दृश्याचा आवाका आक्रसतो, हाताचा थरथराट मोठा दिसतो आणि तापलेल्या जमिनीवरची हवेची लहर चित्र उकळत ठेवते. गोळी सुटल्यावर धक्क्याने जनावर चौकटीबाहेर जाते आणि गोळी कुठे लागली, ते कुठे पळाले, हे कळतच नाही. दुसरी गोळी झाडायची वेळ आली तर हे अज्ञान फार महाग पडते. खालचा मोठेपणा तीन किंवा चार असणे हे वरच्या पंचवीसपेक्षा जास्त उपयोगी, कारण जवळची संधी अचानक आणि लांबची संधी सावकाश येते.

उजेडाचे गणित सोपे आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास. ४२ मिलिमीटरचे भिंग १५ पटींना २.८ मिलिमीटरचा झोत देते आणि ६ पटींना ७ मिलिमीटरचा. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, तेव्हा पहिला आकडाही पुरतो. अंधुक प्रकाशात तरुण डोळ्याची बाहुली सातपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मोठ्या प्राण्यांची शिकार सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालते, आणि जनावरे नेमकी त्या दोन अर्ध्या तासांत बाहेर पडतात. त्या वेळी मोठेपणा उतरवणे हाच खरा उपाय आहे. ५६ मिलिमीटरचे भिंग जास्त प्रकाश घेते, पण त्यासाठी स्कोप रायफलीच्या नळीपासून उंच बसवावा लागतो, गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि वजन वाढते. ४२ ते ५० मिलिमीटर हा डोंगरासाठी समतोल आकार. स्कोपच्या जाड नळीत जास्त उजेड येतो ही दुकानातली समजूत चुकीची आहे. २५.४ मिलिमीटरच्या जागी ३० किंवा ३४ मिलिमीटरची नळी घेतल्याने मुख्यतः आतल्या नळीला हलायला जागा मिळते, म्हणजे टरेटला जास्त मिल मिळतात.

काचेच्या दर्जाबद्दल जाहिरातींत सर्वांत जास्त लिहिले जाते, आणि मधल्या किमतीच्या पुढे त्यातला फरक वाटतो तेवढा उरत नाही. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपात असे १६ पृष्ठभाग धरले तर आत शिरलेल्यातला अर्धाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचेल. त्झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये परावर्तन रोखणाऱ्या पातळ लेपाचा शोध लावला. आजच्या अनेक थरांच्या लेपांनी ही हानी प्रत्येक पृष्ठभागावर अर्ध्या टक्क्यावर आणली, म्हणजे तोच हिशेब ९२ टक्क्यांवर जातो. असे लेप आता मध्यम किमतीच्या जपानी बनावटीतही असतात. स्वारोव्स्की किंवा श्मिट अँड बेंडरची काच अजूनही सरस, विशेषतः सूर्य समोर असताना आणि सावलीतले तपकिरी जनावर तपकिरी झुडपातून वेगळे काढताना. पण तो शोध घ्यायचा असतो गळ्यातल्या दुर्बिणीने. रायफल रोखून रान न्याहाळणे धोक्याचे, आणि कुठल्याही अनुभवी वाटाड्याला न खपणारे.

पॅरॅलॅक्स समजून घेतल्याशिवाय लांब पल्ल्याचा स्कोप घेऊ नये. दृश्याची प्रतिमा आणि फुली एकाच पातळीवर नसतील तर डोळा इकडेतिकडे सरकला की फुली जनावरावरून सरकताना दिसते, रायफल जागची हललेली नसतानाही. साध्या शिकारी स्कोपात ही पातळी कारखान्यातच १०० यार्ड किंवा तत्सम अंतरासाठी जुळवून बंद केलेली असते. ४० मिलिमीटरच्या भिंगाचा असा स्कोप १०० मीटरला जुळवलेला असेल, तर ५०० मीटरवर डोळा पार कडेला असताना चूक ८ सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. डोळा मधोमध असेल तर ती शून्य होते, पण खडकावर वेडेवाकडे आडवे पडून नेम धरणाऱ्याची मान मधोमध राहतेच असे नाही. म्हणून डाव्या बाजूला पॅरॅलॅक्सची घुंडी असलेला स्कोप घ्यावा. तिच्यावरच्या अंतराच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. डोके किंचित हलवून फुली स्थिर राहते का, ते पाहून घुंडी लावावी.

डोळा आणि मागचे भिंग यांत साधारण ९ सेंटीमीटर अंतर राहून पूर्ण चित्र दिसले पाहिजे. सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नमसारख्या जोरकस काडतुसाच्या रायफलीवर हे अंतर कमी पडले की स्कोपची कड भुवईवर आदळते. चंद्रकोरीच्या आकाराची ती खूण बऱ्याच शिकाऱ्यांच्या कपाळावर असते, विशेषतः चढावर वरच्या दिशेने नेम धरणाऱ्यांच्या.

वजनाचा विचार पायथ्याशी कोणी करत नाही, चढावर सगळे करतात. व्होर्टेक्सचा रेझर एलएचटी ३-१५x४२ सुमारे ५४० ग्रॅमचा आहे, लेऊपोल्डचा मार्क ५एचडी ३.६-१८x४४ साधारण ७४० ग्रॅमचा, तर नाइटफोर्सचा एटॅकर ५-२५x५६ किलोच्या वर जातो. पहिल्या दोन्हींनी पाचशे मीटरचे काम होते. तिसरा जास्त दणकट आहे यात शंका नाही, पण तो तीन किलोच्या डोंगरी रायफलीवर बसवला की ती वर जड होऊन खांद्यावर कलंडत राहते. आयडाहो राज्याने या प्रकाराला कायद्यानेच आवर घातला: मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत स्कोप आणि पट्ट्यासह १६ पौंडांहून, म्हणजे सव्वासात किलोंहून, जड बंदूक चालत नाही. रेटिकलचा दिवा सोडून विजेवर चालणारे उपकरण बंदुकीला जोडण्यासही तिथे मनाई राहिली आहे. अंतर स्वतः मोजून नेमाचा बिंदू पेटवणाऱ्या स्कोपांना अशा ठिकाणी जागा नाही. असा स्कोप घेण्यापूर्वी शिकारीच्या राज्याचे चालू नियम पाहावे लागतात.

यामागे तत्त्वाचा वादही आहे. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने अतिलांब पल्ल्याच्या शिकारीवर उघड नापसंती नोंदवली आहे. जनावराला शिकाऱ्याची चाहूल लागण्याची शक्यताच उरली नाही तर ती शिकार कसली, असा त्यांचा आक्षेप. स्कोपपुरते त्यातले व्यावहारिक टोक एवढेच की, ५०० मीटर जायला गोळीला सेकंदाचा सात दशांश भाग लागतो. तेवढ्यात चरणारा एल्क एक पाऊल टाकतो आणि छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. कुठलेही टरेट ही चूक दुरुस्त करू शकत नाही.

पाणी आणि बाष्प यांचा बंदोबस्त हा आज गृहीत धरला जाणारा गुण एके काळी दुर्मीळ होता. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये १९०७ साली सुरू झालेली लेऊपोल्ड कंपनी मूळची भूमापनाच्या उपकरणांची. तिच्या मार्कस लेऊपोल्डचे हरीण स्कोपात धुके साचल्याने हुकले, आणि त्यातून कंपनी या धंद्यात उतरली असे सांगितले जाते. १९४७च्या प्लेन्समन या स्कोपात हवा काढून नायट्रोजन भरला होता. कोरड्या वायूत बाष्प नसल्याने आतून धुके धरत नाही. बाहेरच्या भिंगावर श्वासाने धरणारे धुके मात्र कुठलाही नायट्रोजन थांबवत नाही. कडाक्याच्या थंडीत स्कोपाजवळ तोंडाने श्वास सोडू नये.

चांगला स्कोप वाईट बसवला तर तो वाईटच. स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू अंदाजाने पिळून नळीला चर पाडणे आणि सैल सोडून दर गोळीमागे झिरो घालवणे, दोन्ही प्रकार सारखेच आढळतात. ते टॉर्क मोजणाऱ्या पेचकसाने, बनवणाऱ्याने दिलेल्या मापाने आवळावेत. नळीवरच्या स्क्रूंसाठी ते सहसा दोन न्यूटन-मीटरच्या आत असते. लांब पल्ल्यासाठी स्कोपखालची पट्टी पुढच्या बाजूला २० एमओएने उतरती घेतात, त्यामुळे टरेटला वरच्या दिशेने जास्त जागा मिळते. उभी रेषा खरोखर उभी आहे ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. रायफल किंवा स्कोप पाच अंशांनी कलला तर पाचशे मीटरवर गोळी बाजूला १५ ते २० सेंटीमीटर जाते, आणि माणूस ती चूक वाऱ्याच्या माथी मारतो.

स्कोप खरा मोजतो की नाही, ते तपासायला शंभर मीटरचे मैदान आणि ओळंबा पुरतो. उंच फळीवर कागद लावून ओळंब्याच्या दोरीने एक मीटरची उभी रेघ आखावी. अंतर टेपने मोजावे, कारण दोन मीटरची चूक उत्तरात दोन टक्क्यांची होऊन येते. रेघेच्या तळाशी नेम धरून तीन-चार गोळ्या झाडाव्या, मग टरेट आठ मिल वर फिरवून त्याच तळाच्या बिंदूवर नेम धरून पुन्हा तेवढ्याच. दुसरा समूह पहिल्याच्या ८० सेंटीमीटर वर, त्याच रेघेवर पडला पाहिजे. वर सरकताना तो डावी-उजवीकडे गेला तर स्कोप तिरका बसला आहे. ७८.४ सेंटीमीटरच चढला तर टरेट दोन टक्के कमी देते. ही चूक नेहमी तेवढीच येत असेल तर गणिताच्या अ‍ॅपमध्ये तसा गुणक घालून काम चालते. शेवटी टरेट झिरोवर आणून एक समूह पुन्हा तळाशी झाडावा. तो पहिल्या समूहावरच बसला नाही, किंवा दर वेळी वेगळीकडे पडू लागला, तर आधी रिंगांचे स्क्रू पाहावेत. ते घट्ट असतील तर बिघाड आतल्या नळीत किंवा तिच्या स्प्रिंगमध्ये आहे, तो कुठल्याही गुणकाने सुधारत नाही, आणि स्कोप कंपनीकडे परत पाठवावा लागतो. हीच चाचणी रायफल पडल्यावर, विमानाच्या सामानातून आल्यावर आणि हंगामाच्या आधी एकदा पुन्हा घेतात.